बीए अर्थशास्त्रानंतर एमए कुठे? गोखले, दिल्ली की थेट परदेश?

सांगलीकर_मामा
मंडळी, भाचीसाठी विचारतोय. सांगलीत बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. कॉलेजात पहिल्या दोनात असते. कला शाखा घेतली तेव्हाच गणित सुटलं, म्हणजे दहावीनंतर हात लावलेला नाही. आता एमए करायचंय आणि 'नाव असलेल्या ठिकाणीच' करायचंय. तिच्या यादीत पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि इंग्लंडातलं एक विद्यापीठ आहे. हे तिसरं नाव मी तरी कधी ऐकलेलं नाही. एका कन्सल्टंटने सुचवलंय, एक वर्षाचा कोर्स आहे, फी ऐकून दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.
दाजींचं म्हणणं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमए कर आणि सोबत स्पर्धा परीक्षा दे. मी स्वतः बी.कॉम., मला यातलं ओ की ठो कळत नाही. अर्ज कधी, कुठे, कसे करायचे आणि मुळात हा खटाटोप करावा का, हे जाणकारांनी सांगावं.

निंबूपाणी
कन्सल्टंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्याच्या यादीत जर्मनीतलं बॉन विद्यापीठ किंवा आपली भारतीय सांख्यिकी संस्था (आयएसआय) कधी दिसणार नाही, कारण तिथून त्याला छदामही सुटत नाही. बाकी चालू द्या, मी चिवडा घेऊन बसतो.

आकडेशास्त्री
मामा, सगळ्यात आधी गणिताचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण तीच आहे. बाकी सगळं फॉर्म भरण्याचं काम आहे.

आपल्याकडे बीएचं अर्थशास्त्र बहुतेक ठिकाणी शब्दांत शिकवतात. मागणीचा नियम, त्याची गृहीतकं, अपवाद, टीका. एमएला त्याच गोष्टी समीकरणांत येतात. ग्राहकाचं समाधान महत्तम करायचं म्हटलं की आंशिक विकलन आलं, लाग्रांजची पद्धत आली. इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र, म्हटलं की मॅट्रिक्स आणि संभाव्यता आली. ज्याला हे आधीपासून येतं त्याचं पहिलं सत्र मजेत जातं. ज्याला येत नाही तो वर्गात इतरांच्या वह्या बघत बसतो.

आता ठिकाणं. दिल्ली विद्यापीठाचे एमए प्रवेश सीयूईटी पीजी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतात, दिल्ली स्कूलही त्यातच. ७५ बहुपर्यायी प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. जेएनयूलाही हीच परीक्षा. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या आसपास. एका फॉर्मवर बऱ्याच विद्यापीठांची दारं उघडतात, तेव्हा हा भरायचाच. कोलकाता आणि दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये, एमएसक्यूई नावाचा कोर्स आहे. त्यांची परीक्षा स्वतःची, एक पेपर निव्वळ गणिताचा, दुसरा अर्थशास्त्राचा, आणि तोही गणितीच. मी शिकलो तेव्हा तिथे शिकवणी शुल्क नव्हतं, उलट दरमहा विद्यावेतन मिळायचं. गोरेगावला आरबीआयने १९८७ साली काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आयजीआयडीआर. त्यांचीही परीक्षा वेगळी. शिवाय आयआयटींच्या जॅम परीक्षेत २०२१पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्याचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, म्हणजे सगळ्यांच्या आधी. हा बऱ्याच जणांचा हुकतो.

भाचीला आयएसआयचे जुने पेपर संकेतस्थळावरून उतरवून बघायला सांगा. सुटले नाहीत तरी चालेल, वाचताना कंटाळा येतो की खाज सुटते तेवढं बघा.

खडूस_मास्तर
आकडेशास्त्री यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातून असं चित्र उभं राहतं की गणित आलं म्हणजे अर्थशास्त्र आलं. तीस वर्षं शिकवल्यावर मला उलट दिसलं. विकलन धडाधड करणारी पोरं हमीभाव म्हणजे काय आणि तो कोण ठरवतं हे सांगू शकत नाहीत.

गोखले संस्थेचं नाव झालं ते कशामुळे? १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने ती काढली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. गावोगाव फिरून पाहण्या केल्या, शेतीचा हिशोब शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून मांडला. गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पण प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याशीही त्यांचं नाव तितकंच जोडलेलं आहे. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तोही याच संस्थेतून. सांगलीच्या मुलीला द्राक्ष, हळद, बेदाणा, सहकारी बँका हे सगळं घराबाहेर पडलं की दिसतं. तिची ती शिदोरी दिल्लीच्या मुलांकडे नाही.

आकडेशास्त्री
मास्तर, दांडेकर-रथांचंच उदाहरण घेऊ. दिवसाला माणशी २२५० उष्मांक हा निकष धरून, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी गरीब किती ते काढलं. ओसरीवर बसून तो अभ्यास झाला नसता. नमुना कसा घेतला, त्यात चूक किती, हे कळायला संख्याशास्त्रच लागतं.

खडूस_मास्तर
आणि उष्मांकावरून दारिद्र्य मोजावं हे सुचायला काय लागतं?

निंबूपाणी
भूक लागते.

उंटावरची_शहाणी
निंबूपाणी =)) आज सुटलात!

मामा, नुसतं वाचत होते, आता रोमातून बाहेर येऊन लिहितेय. मी मुंबई विद्यापीठातून, कालिन्याहून एमए केलं. याच विभागात एके काळी सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद हे अर्थतज्ज्ञ शिकवायचे. आता त्याचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी झालंय. या यादीत ते कुणी घेत नाही म्हणून सांगतेय. फी आवाक्यातली, ग्रंथालय उत्तम, आणि वर्गात माझ्यासारख्या गणित सुटलेल्या मुली होत्या. पहिलं सत्र रडतखडत गेलं. दुसऱ्या सत्रात आम्ही चौघी मिळून संध्याकाळी कँटीनमध्ये गणितं सोडवायचो, तिथून गाडी रुळावर आली. आज मी एका पतमानांकन कंपनीत आहे.

'नाव असलेलं ठिकाण' हा हट्ट थोडा सैल करा एवढंच सांगणं. दिल्लीला वसतिगृह मिळेलच असं नाही आणि बाहेर खोली घेतली की महिन्याचा खर्च फीच्या कितीतरी पुढे जातो.

गोंयकार
आमच्या गोव्यात बी बघा की! गोवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, ताळगावच्या पठारावर कॅम्पस, खिडकीतून झुवारी दिसते. अभ्यास होईलच याची खात्री देत नाही.

टीए_जिवंत_आहे
अमेरिकेत अर्थशास्त्रात पीएचडी करतोय, चौथं वर्ष. मामांनी परदेश म्हटलंय म्हणून थोडं खुलासेवार लिहितो, कारण मास्टर्स आणि पीएचडी यांत लोक फार गल्लत करतात.

अमेरिकेत पीएचडीला एमए असायलाच हवं असं नाही, बॅचलर्सनंतर थेट अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला की बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड. बदल्यात पदवीच्या मुलांचे वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे (टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट, माझ्या नावाचं मूळ इथे आहे). मास्टर्सला मात्र सहसा खिशातून पैसे. म्हणजे मोठी पदवी फुकट आणि छोटी महाग, असा हा उलटा बाजार.

पण फुकट असल्यामुळेच गर्दी. अर्ज डिसेंबरात बंद होतात, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि १५ एप्रिलपर्यंत होय की नाही कळवायचं असतं. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा सप्टेंबर २०२३पासून दोन तासांच्या आत आटोपते, पण क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, १७०पैकी १७०च्या आसपास गुण असलेले अर्जदार ढिगाने असतात, त्यामुळे चांगल्या गुणांनी फार फरक पडत नाही, वाईट गुणांनी मात्र पडतो. गणितात रिअल अॅनालिसिससारखा विषय केलेला असला तर समिती दोन मिनिटं जास्त थांबते. प्रत्येक अर्जाची फी वेगळी, साधारण ७५ ते १५० डॉलर, दहा ठिकाणी भरले की गणित तुम्हीच करा.

सगळ्यात वजन शिफारसपत्रांचं. तीन लागतात. आणि इथे आपली पोरं मार खातात. माझ्या कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपण लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं, कारण त्यात फक्त विशेषणं असतात. 'ही मुलगी कष्टाळू, हुशार आणि नम्र आहे' हे वाचून समितीला काहीच कळत नाही. 'हिने माझ्यासोबत सहा महिने आकडेवारीवर काम केलं आणि माझ्या मांडणीतली एक चूक काढली' हे वाचून कळतं. म्हणून हल्ली बरेच जण मध्ये एक-दोन वर्षं प्रीडॉक करतात, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली पगारी संशोधन सहायक.

आपली तीन वर्षांची पदवी हाही प्रश्न आहे, तिकडे ती चार वर्षांची असते. काही विद्यापीठं ती चालवून घेतात, काही नाही. थेट बीएवरून अर्ज करू नये, भारतात एमए करून मग बघावं, हे माझं मत.

राइनकाठ
टीए यांच्याशी सहमत. त्यात जर्मनी जोडतो. बॉनला शिकवणी शुल्क नाही. मानहाइम बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये येतं, तिथे युरोपबाहेरच्यांना २०१७पासून सत्राला १५०० युरो. दोन्हीकडे मास्टर्स इंग्रजीतून. भारतीयांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) बंधनकारक आहे, ते वेळेत काढायला घ्या. व्हिसासाठी वर्षाचे साधारण १२ हजार युरो बंद खात्यात दाखवायचे, दर महिन्याला त्यातलेच थोडे थोडे सुटतात. बहुतेकांचं कर्ज त्यासाठीच असतं. पदवीत गणित-संख्याशास्त्राचे किती क्रेडिट होते हे इथे काटेकोर मोजतात. भाचीच्या गुणपत्रिकेवर ते शून्य दिसणार असेल तर आत्ता अर्ज करून उपयोग नाही.

कोथळीगड
अवांतर: अर्थशास्त्राचं नोबेल मराठी माणसाला कधी?

उंटावरची_शहाणी
अर्धं मिळालंय की! अभिजित बॅनर्जी, २०१९. आई माहेरच्या पाटणकर, ते स्वतः मुंबईत जन्मलेले आणि मधलं नाव विनायक. एमए जेएनयूचं.

निंबूपाणी
म्हणजे नोबेलातला आपला वाटा हापूसच्या पेटीसारखा आईकडून आला.

आकडेशास्त्री
अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित विसरलात का? मुंबईत झेविअर्सला गणित-भौतिकशास्त्र, मग केंब्रिजला गणित, मग १९६८ साली एमआयटीची अर्थशास्त्रातली पीएचडी. आणि विजय केळकर पुण्याच्या सीओईपीचे इंजिनियर, पीएचडी बर्कलीची. दोघेही गणिताच्या दाराने आत शिरले. मी आपलं सुचवतोय, मास्तर.

खडूस_मास्तर
सुचवा, सुचवा. धाग्याचं भांडण होण्याआधी एक वेगळं नाव घेतो. परदेशी अर्थशास्त्र शिकायला जाण्याची गोष्ट निघाली की बाबासाहेबांचा प्रवास समोर ठेवावा. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये कोलंबियाला, १९१५मध्ये एमए. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, १९२०मध्ये पुन्हा लंडन. १९२१ला एमएस्सी, १९२३ला डीएस्सी, विषय रुपयाचा प्रश्न. मधल्या तीन वर्षांत 'आता राहू दे' म्हणणारे कमी नसतील.

झेंडू_फुले
मास्तरांनी विषय काढलाच आहे तर शिष्यवृत्त्यांचं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. मराठा समाजासाठी सारथीची आहे, तिला सयाजीरावांचंच नाव आहे. ओबीसी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या योजना आहेत. राज्याच्या योजनांत जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे कन्सल्टंटचं विद्यापीठ तिथेच बाद होण्याची शक्यता मोठी. अर्ज करताना त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा, अटी बदलतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधी काढून ठेवा, तहसीलच्या फेऱ्यांत मुदत निघून जाते.
जे. एन. टाटा एंडोमेंटचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण ते कर्ज आहे, परत करावं लागतं. १८९२पासून देतायत. इंग्लंडसाठी चेवनिंग उत्तम, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, म्हणजे भाचीला आत्ता नाही.

तळ्यात_मळ्यात
माझा मुलगा द्वितीय वर्षाला आहे म्हणून विचारते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष आलंय ना? मग चार वर्षांची ऑनर्स आणि एक वर्षाचं एमए, की तीन वर्षं आणि दोन वर्षांचं एमए?

टीए_जिवंत_आहे
काकू, परदेशी जायचं नक्की असेल तर चौथ्या वर्षाने अमेरिकेतला तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न सुटतो. पण तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षात नेमकं शिकवतात काय ते आधी बघा. संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शक नसेल, गणिताचा एकही पेपर नसेल, तर त्यापेक्षा चांगल्या संस्थेतलं दोन वर्षांचं एमए कधीही बरं.

सांगलीकर_मामा
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. भाचीला धागा दाखवला. कन्सल्टंटला फोन करून बॉनबद्दल विचारलं तर म्हणाला, "जर्मनीत भाषेचा फार त्रास होतो." निंबूपाणी, तुम्हाला दंडवत.
दाजी विचारतायत, एमए करून नोकरी काय? खाते उघडून आता तीच लिहील म्हणते.

उंटावरची_शहाणी
दाजींना सांगा, यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा म्हणजे आयईएस, तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागतेच. आरबीआयच्या ग्रेड बीमध्ये आर्थिक संशोधन विभागाच्या वेगळ्या जागा असतात, त्यांनाही एमए लागतं. म्हणजे 'एमए की स्पर्धा परीक्षा' असा सामना लावायची गरज नाही. शिवाय बँका, सल्लागार कंपन्या, संशोधन संस्था. प्राध्यापकी करायची तर नेट-सेट, आणि मग भरती निघण्याची वाट.

बेदाणा_२१
नमस्कार, मी भाची. मामाने गणिताचं थोडं जास्तच सांगितलंय, दहावीला ९४ होते, सोडलं ते आर्ट्सला विषयच नव्हता म्हणून. आयएसआयचा पेपर बघितला. बरेच प्रश्न डोक्यावरून गेले, पण संभाव्यतेचे काही सुटले आणि रात्री झोप आली नाही.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. आमच्याकडे बेदाण्याचे सौदे निघतात. आजोबा सांगतात, पूर्वी बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, बाकीच्यांना कळायचाच नाही. सौद्यात मात्र उघड बोली असते. यात शेतकऱ्याला कशात जास्त मिळतं? सगळे व्यापारी रोज एकमेकांना भेटतात, चहा पितात, मग उघड बोलीचा उपयोग काय? कॉलेजात विचारलं तर सर म्हणाले अभ्यासक्रमात नाही. हे अर्थशास्त्रात कुठे शिकवतात?

खडूस_मास्तर
(खुर्चीतून उठून उभा राहिलो आहे.)

आकडेशास्त्री
मीसुद्धा. बेदाणा, याला लिलाव सिद्धांत म्हणतात, २०२०चं नोबेल मिलग्रम आणि विल्सन यांना याच कामासाठी मिळालं. बोली उघड की बंद, व्यापाऱ्यांना मालाची किंमत आपापली माहीत आहे की एकमेकांकडे बघून अंदाज घेतात, त्यांनी संगनमत केलं तर कोणत्या पद्धतीत ते जास्त टिकतं, हे सगळं त्यात येतं. उघड बोलीत एक मेख आहे. ठरलेला शब्द कुणी मोडला तर ते लगेच सगळ्यांना दिसतं, म्हणून संगनमत पाळायला ती सोयीची पडू शकते. तुला आलेली शंका बरोबर जागी आलीय.

टीए_जिवंत_आहे
आणि अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे 'का शिकायचंय' या निवेदनात, 'मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे' असलं काही लिहू नकोस. वर जे लिहिलंयस तेच लिही, रुमालासकट. त्याआधी एक हंगाम सौद्याला बसून भाव टिपून ठेव. लॉट, प्रत, बोली किती जणांनी लावली, शेवटचा भाव. एवढ्यावर एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहिता येईल, आणि त्यातूनच पुढे शिफारसपत्र मिळेल.

खडूस_मास्तर
मुली, बाजार समितीत जाऊन जुन्या आवक-भावाच्या नोंदी माग. पहिल्यांदा नाही म्हणतील. अडत्याच्या मुनिमाशी गोड बोललीस तर तो जास्त सांगेल.

बेदाणा_२१
मुनीम आमच्या गल्लीतलेच आहेत :) मग आता असं करू का, यंदा सीयूईटी देते, गोखले आणि कालिना दोन्हीकडे अर्ज, आयएसआय अनुभवासाठी. परदेशाचं एमएनंतर. पण गणित सुरू कुठून करू?

आकडेशास्त्री
बारावी विज्ञानाची बालभारतीची गणिताची दोन्ही पुस्तकं आण. विकलन, त्याचे उपयोग, मॅट्रिक्स, संभाव्यता, एवढीच प्रकरणं आधी, उदाहरणं हाताने सोडवून. दिवाळीपर्यंत ती झाली की व्हेरियनचं पदवीचं सूक्ष्म अर्थशास्त्र, मागची परिशिष्टं न गाळता. अडलं की इथेच विचार.

निंबूपाणी
आणि जॅमचा फॉर्म?

आकडेशास्त्री
तोही भर. मुदत जवळ आलीय, फोटो आणि सहीची फाइल ते म्हणतील त्याच मापाची लागते, शेवटच्या रात्रीवर ठेवू नकोस.